केसपेपरवर नसलेला प्रश्न

डॉक्टर वृषाली टाकळीकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि त्याचं निदान करायला कुठल्या चाचणीची गरज नव्हती. समोरच्या भिंतभर पडद्यावर 'मोकळा श्वास' चालू होता. ज्या खुर्चीत त्या एकवीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता बसल्या, त्याच खुर्चीत त्यांचीच विद्यार्थिनी, डॉक्टर त्रिशला शेडबाळे, बसली होती.

"साडी छान आहे हं तिची," अविनाशराव म्हणाले. ते भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. बायकोच्या कार्यक्रमाचा एकही भाग त्यांनी कधी चुकवला नव्हता, आणि आता बायको त्यात नसली तरी सवय सुटत नव्हती.

"मीच दिली होती. एम.डी. झाली तेव्हा."

"मग तुझीच निवड चांगली म्हणायची."

वृषालीबाईंनी पापड मोडला. एवढ्याशा पापडाचा केवढा आवाज झाला.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण ॲलर्जी म्हटलं की सांगली-कोल्हापूरपासून विजापूरपर्यंत एकच नाव निघायचं. वृषालीबाई पडद्यावर आवर्जून 'वावडं' म्हणायच्या. "शरीराला एखाद्या गोष्टीचं वावडं असतं म्हणजे काय? घरचा राखणदार चांगला असतो, पण पाहुणा कुठला आणि चोर कुठला हे त्याला कळेनासं होतं. शेंगदाणा येतो पाहुणा म्हणून, हा धावतो काठी घेऊन. पाहुण्याला काही होत नाही, फुटतात ती घरातली भांडी." हे ऐकून गावोगावच्या बायका माना डोलवायच्या. उन्हाळे लांबत गेले, हवेत परागकण बाराही महिने राहू लागले, दर तिसऱ्या माणसाचं नाक गळू लागलं, तसतसा कार्यक्रम वाढत गेला. बाजारात भाजी तोलता तोलता बाया विचारायच्या, "बाई, नातीला अंडं देऊ का नगो?"

त्यांची पद्धत जुनी होती. हाताच्या आतल्या बाजूला चाळीस थेंब ठेवायचे, प्रत्येक थेंबातून बारीक सुई टोचायची, पंधरा मिनिटांनी उठलेल्या गांध्या पट्टीनं मोजायच्या. हे काम सहा वर्षं त्रिशला करत होती, बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीत वृषालीबाई पेशंटला समोर बसवून तासतासभर त्याची हकीकत ऐकत, आणि तेव्हा दार बंद असे. "मॅडम, मी नुसती कोपऱ्यात बसू का, ऐकायला?" असं त्रिशलानं एकदा विचारलंही होतं. "पेशंट संकोचतात गं," असं म्हणून त्यांनी ते टाळलं. पेशंट संकोचत नव्हते. आपली विद्या आपल्या डोळ्यांदेखत कुणी उचलावी, हे बाईंच्या जिवावर येत होतं.

मग 'पारख' आलं. बंगळूरच्या एका कंपनीचं यंत्र, आत परदेशी काच. काच टपालतिकिटाएवढी, तिच्यावर चौदाशे खळगे, प्रत्येकात एकेका पदार्थाचं प्रथिन. बोटातलं थोडं रक्त तिच्यावर पसरलं, की रक्तातल्या राखणदार पेशी ज्या खळग्यापाशी खवळतील तिथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. काम आठ मिनिटांचं. पण ठिपका उमटला म्हणजे वावडं आहेच, असं नसतं. शंभरातल्या दहा-वीस जणांचा ठिपका शेंगदाण्यावर उमटतो आणि त्रास होतो एखाद-दुसऱ्याला. कुठला ठिपका खरा, हे ठरवायला माणसाची हकीकत लागते. कधी झालं, काय खाल्लं होतं, कुठे गेला होता. म्हणून पारख माणसाशी बोलायचं. त्याला मराठीत बोलायला शिकवलं त्रिशलानं, आणि तेही वृषालीबाईंच्याच साडेतीन हजार जुन्या केसपेपरांवरून. ते गठ्ठे त्यांनी हसत हसत दिले होते. "घेऊन जा बाई, उंदरांच्या तोंडून तरी वाचतील." यंत्र माणसाशी काय डोंबल बोलणार, अशी त्यांची खात्री होती.

दोन वर्षांत खात्री गेली. मग गुरुवारही गेला.

वाहिनीचा निर्माता सारंग याचा फोन आला तो मधात बोट बुडवूनच. "मॅडम, तुम्ही तर आमच्या घरच्या. पण प्रेक्षकांना आता जरा यंत्रबिंत्र बघायचं असतं. तुमच्यासाठी आम्ही वेगळा कोपरा करतोय. 'आजीचा काढा'. पाच मिनिटं, दर रविवारी."

"मला नातवंडं नाहीत, सारंग."

"ती आम्ही आणू की मॅडम."

त्या दिवसापासून वृषालीबाई कार्यक्रम बघायच्या त्या फक्त चुका शोधायला. आणि त्रिशला चुकत नव्हती, हे त्यांचं खरं दुखणं होतं.

तर त्या गुरुवारी, सात तारखेला, त्रिशलासमोर श्रावणी लोहार नावाची बाई बसली होती. कवठे महांकाळची, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, वय छत्तीस. गेल्या दीड वर्षात सात वेळा तिचे ओठ सुजले होते, अंगभर गांध्या उठल्या होत्या. शेवटच्या खेपेला घसा इतका आवळला की ती बेशुद्ध पडली.

"कुठे गेल्यावर होतं?" त्रिशलानं विचारलं.

"देवळातनं आलं की." श्रावणी मांडीवरच्या हातांकडे बघत होती. "गावाबाहेर गणपती हाय आमचा, कॅनॉलच्या कडंला. चतुर्थीला जाते मी. दर चतुर्थीला होतं असं न्हाई, पण झालं की त्याच दिवशी. सासूबाई म्हणतात, तुझं कुठं काय चुकलं का बघ." ती थांबली. "मॅडम, मला देवाचंच वावडं झालंय का ओ?"

त्रिशलानं तिच्या हातावर हात ठेवला आणि कॅमेरा त्या हातांच्या अगदी जवळ गेला. वृषालीबाईंच्या मनात आलं, एकवीस वर्षांत आपल्या हाताजवळ कॅमेरा कधी असा आला नाही.

पारखचा अहवाल पडद्यावर आला. ठिपका उमटला होता काटेमाठाच्या परागावर. कॅनॉलच्या कडेनं माजणारं तण ते. पारखनं सातही दिवसांची हकीकत जुळवून दाखवली. सातही दिवस देऊळ, सातही दिवस कॅनॉलची वाट, आणि आहाराच्या रकान्यात सातही दिवशी श्रावणीचं एकच उत्तर: 'काही खाल्लं नाही, उपास होता.'

"म्हणजे खाण्याचा प्रश्नच मिटला," त्रिशला प्रसन्नपणे म्हणाली. "देवाचं नाही हं, तणाचं वावडं आहे तुम्हाला. आजपासून दंडावर विसरपट्टी लावायची. सहा आठवड्यांत तुमचं शरीर काटेमाठाशी असलेलं वैर विसरेल. तोवर देवळात जाताना मास्क लावा. खाण्यापिण्याला बंधन काही नाही, सगळं खा."

वृषालीबाईंचा घास हातातच राहिला.

काही खाल्लं नाही, उपास होता. हे वाक्य त्यांनी दवाखान्यात हजार वेळा ऐकलं होतं, आणि हजार वेळा पुढचं विचारलं होतं, "ते झालं, पण उपासाला काय खाल्लंत?" मग यादी निघायची. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याची भाकरी. आपल्याकडे उपास करणारा माणूस जेवत नाही, फराळ करतो, आणि फराळाला कुणी खाणं म्हणत नाही. आणि राजगिरा तर माठाचाच सख्खा भाऊ, एका कुळातला. दोघांची प्रथिनं राखणदाराला सारखीच दिसू शकतात. चौदाशे खळग्यांत काटेमाठाचा पराग होता. राजगिऱ्याचा दाणा नव्हता, कारण काच ज्या देशात बनते तिथे चतुर्थी नसते.

यंत्राला हे का कळलं नाही, तेही त्यांना त्याच क्षणी कळलं. केसपेपरवर त्यांनी नेहमी उत्तर लिहिलं होतं. 'राजगिरा.' 'वरी.' 'शिंगाडा.' प्रश्न कधी लिहिलाच नव्हता. तो तोंडी असायचा, बंद दाराआड. आणि त्रिशला शेडबाळ्यांची, जैन घरातली. तिच्याकडे उपवास म्हणजे उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. शाळेत मैत्रिणींच्या डब्यातली खिचडी तिनं पाहिली असेल, पण शब्दाचा अर्थ माणूस आपल्या घरातून घेऊन निघतो. यंत्राला तिनं शिकवलं असणार, उपवास म्हणजे आहार शून्य.

"काय झालं गं?" अविनाशरावांनी विचारलं.

"काही नाही. आमटीत मीठ कमी आहे."

जेवणं झाल्यावर त्यांनी दिनदर्शिका उघडली. पुढची चतुर्थी सव्वीस तारखेला, मंगळवारी. म्हणजे अंगारकी. एरवी चतुर्थी न करणारेसुद्धा अंगारकी करतात, श्रावणी तर करणारच. आणि विसरपट्टीची एक खोड वृषालीबाईंना चांगली ठाऊक होती. पहिले तीन आठवडे ती राखणदाराला झोपवत नाही, आधी टक्क जागं करते. त्या दिवसांत वावड्याचा पदार्थ पोटात गेला तर नेहमीच्या दसपट कहर होतो. सव्वीस तारीख हा पट्टीचा विसावा दिवस होता. देवळाच्या वाटेवर मास्क लावून जाणारी, डॉक्टरांनी 'सगळं खा' म्हणून सांगितलेली बाई त्या दिवशी निर्धास्तपणे राजगिऱ्याची भाकरी खाणार होती.

फोन करायचा आणि दोन वाक्यं सांगायची. एवढंच काम होतं.

शुक्रवारी त्यांनी ते केलं नाही, कारण त्रिशला एवढी हुशार, तिचं तिलाच कळेल. शनिवारी केलं नाही, कारण मला कुणी विचारलंय का? सोमवारी केलं नाही, कारण सारंगचा निरोप आला, आजीसाठी पांढरे केस लावावे लागतील. पुढच्या गुरुवारी त्रिशला पडद्यावर म्हणाली, "मी जी काही आहे ती टाकळीकर मॅडममुळे." त्या दिवशी तर मुळीच नाही.

खरं कारण त्या स्वतःशीही धड उच्चारत नव्हत्या. एकदा सांगितलं की तो प्रश्न पारखच्या पोटात जाणार. दुसऱ्या दिवसापासून राज्यातल्या चारशे केंद्रांवर यंत्र तो विचारू लागणार. हात गेले, सुया गेल्या, खुर्ची गेली. यंत्राला येत नाही आणि आपल्याला येतं असं हे एकच उरलं होतं. तेही दिलं तर टाकळीकर बाईंपाशी उरणार काय? काढा.

रोज सकाळी देवापुढे बसून त्या स्तोत्रं म्हणायच्या. लहानपणापासूनचा नेम. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. आईनं सहा शत्रू ओळीनं पाठ करून घेतले होते. शेवटचं नाव नेहमी घाईत म्हटलं जायचं, कारण तोवर दूध उतू जायला आलेलं असायचं. त्या आठवड्यात ते नाव रोज जिभेखाली खड्यासारखं लागत होतं. त्यांनी स्तोत्र बदलून पाहिलं.

सतरा तारखेला, रविवारी संध्याकाळी, अविनाशराव पंचांग शोधत त्यांच्या टेबलापाशी आले आणि एक कागद उचलून वाचू लागले.

"हे कसलं भाषण?"

"कार्यक्रमाचं टिपण. असंच."

"तारीख अठ्ठावीस घातलीयेस. आज सतरा."

"तयारी नको का?"

ते वाचत राहिले, वर्गात उत्तरपत्रिका वाचायचे तसे, ओठ हलवत. "'परवा अंगारकीच्या दिवशी जी दुर्दैवी घटना घडली, तिच्याबद्दल बोलताना मन जड होतं. यंत्र कुठे चुकलं, हे सांगणं माझं कर्तव्य आहे.'" त्यांनी कागद खाली केला. "वृषा, कुठली घटना?"

वृषालीबाईंनी पेनाला टोपण घातलं.

"अंगारकी अजून यायचीय," ते हळूच म्हणाले, "आणि तू 'घडली' लिहिलंयस."

वृषालीबाईंनी कागद ओढून घेतला. अक्षर सुरेख आलं होतं. पक्की प्रतच होती ती. कच्ची त्यांनी आदल्या दिवशी केली होती. त्या कच्च्या प्रतीत खाडाखोड एकाच जागी होती. आधी 'निधन' लिहिलं होतं, ते खोडून 'घटना' केलं होतं, पडद्यावर भाषा सौम्य हवी म्हणून.

"तुला ठाऊक आहे काय होणार ते," अविनाशराव म्हणाले.

"हो."

"त्या बाईला ठाऊक आहे?"

"नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चहा ठेवतो," आणि चहा आणून दिला तो बायकोकडे न बघता. अडतीस वर्षांत असा चहा त्यांनी दिला नव्हता.

त्रिशलाचा खासगी नंबर वृषालीबाईंनी गुरुवार गेला त्याच दिवशी पुसून टाकला होता. त्रिशलाच्या केंद्राचा नंबर लावला, तर पारख म्हणालं, केंद्र सोमवारी सकाळी नऊला उघडेल. पावणेनऊला त्या सांगलीच्या विश्रामबागेत केंद्राच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या.

दाराशीच यंत्र होतं. बायकी, मऊ आवाज. "नमस्कार, या, बसा. काय त्रास होतोय?"

"मला डॉक्टर त्रिशलाला भेटायचंय."

"भेटवते की. आधी त्रास सांगा. घाई नाही, सावकाश, आठवेल तसं."

वृषालीबाईंना कानफटात बसल्यासारखं झालं. पेशंटला दारातून आत घेताना त्या हेच, असंच म्हणायच्या. घाई नाही, सावकाश, आठवेल तसं. 'सावकाश'वरचा हेलसुद्धा त्यांचा.

"मला काही त्रास नाही," त्या कोरडेपणानं म्हणाल्या.

"बरं. कधीपासून त्रास नाही?"

शेजारच्या बाकावरची म्हातारी हसली. "सांगा की बाई. लई माणुसकीनं इचारतंय ते. आमच्या सुनंला धाडणार हाय मी हितं शिकायला."

एवढ्यात आतलं दार उघडलं आणि त्रिशला जवळजवळ धावतच आली. तिथेच, सगळ्यांसमोर, वाकून पाया पडली. "मॅडम, तुम्ही कशाला आलात, मी आले असते. आत या. तुमच्यासाठी चहा सांगते. माझा आज उपवास आहे."

आत तिच्या टेबलावर झाकलेला तांब्या होता. वृषालीबाई खुर्चीत टेकल्या. दोन वाक्यं त्यांनी किती वेळा घोकली होती. विचारलं मात्र दुसरंच.

"उपासाला काय खाणार आज?"

"उपवासाला?" त्रिशला हसली. "काही नाही मॅडम. उकळलेलं पाणी."

"मी चतुर्थी करते. चतुर्थीला दुपारी तू मला विचारलंस, काय खाल्लं, तर मी काय सांगेन?"

"काही नाही, उपास आहे, असं म्हणाल."

"आणि खाल्लेलं काय असेल?"

"खिचडी," त्रिशला सहज म्हणाली. "नाहीतर वरी, नाहीतर..." तिचा आवाज मध्येच उतरला. "राजगिरा. मॅडम, राजगिरा म्हणजे माठच."

"अंगारकी सव्वीसला आहे."

त्रिशलानं एक शब्दही वाया घालवला नाही. मिनिटभरात समोरच्या पडद्यावर श्रावणी लोहार आली, शाळेच्या व्हरांड्यात उभी. मागे वर्गात मुलं सातचा पाढा म्हणत होती.

"ताई, दंडावरची पट्टी आत्ताच्या आत्ता काढा."

"का ओ, काय झालं?" तिनं बाही वर सारली आणि पट्टी सोलून काढली.

"मला सांगा, चतुर्थीला काय खाता तुम्ही?"

"काय न्हाई. सांगितलं की मॅडम, उपास असतो."

त्रिशलानं हताशपणे वृषालीबाईंकडे पाहिलं. त्या पुढे झाल्या. "बाळ, ते झालं. पण उपासाला घरी करतात काय?"

"हां, ते व्हय." श्रावणीचा चेहरा सैलावला. "कधी खिचडी, कधी राजगिऱ्याची भाकरी नि दही. शाळेला उशीर झाला तर राजगिऱ्याचा लाडू पर्समध्ये. अंगारकीसाठी सासूबाईंनी पीठ दळूनच ठेवलंय."

"ज्या सात दिवशी त्रास झाला, त्या दिवशी राजगिराच होता का?"

ती आठवू लागली. मागचा पाढा पुढे सरकत होता. तिचा चेहरा बदलत गेला. "होय ओ," ती म्हणाली. "खिचडीच्या दिवशी कधीच न्हाई झालं."

"राजगिऱ्याला आता हात लावायचा नाही. पीठ, लाडू, चिक्की, काही नाही. पालेभाजीतला माठही नको. आणि गळा आवळल्यावर मांडीत घ्यायचं इंजेक्शन आजच आणून पर्समध्ये ठेवा. त्रिशला पाठवेल चिठ्ठी."

"आणि देऊळ?"

"देवळाची आडकाठी नाही. अंगारकीला खुशाल जा."

श्रावणीनं बाही खाली ओढली. आत मुलं सात सक्कंला अडकली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मागे न बघता सांगितलं, "बेचाळीस."

पडदा मावळला. त्रिशलानं तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, पण प्यायली नाही. "तिला वाचवलंत मॅडम. मलाही." मग डॉक्टर डॉक्टरला विचारते तसं, निव्वळ कुतूहलानं, तिनं विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

'काल' म्हणता आलं असतं. तो शब्द जिभेवर येऊन बसलाही होता, चांगला गुळगुळीत.

"कार्यक्रम बघताना. सात तारखेला."

त्रिशलानं मनात मोजलं. ते तिच्या डोळ्यांत दिसलं. "अकरा दिवस."

"हो."

"का, मॅडम?"

"जळत होते मी तुझ्यावर."

बाहेर यंत्र कुणाला तरी सावकाश, आठवेल तसं सांगायला सांगत होतं. त्रिशलानं पाण्याचं भांडं बाजूला सारलं. "सहा वर्षं मी त्या बंद दाराबाहेर बसले," ती म्हणाली. "एकदा कानही लावला होता दाराला. तुमचा पंखा फार वाजायचा." ती हसली नाही. "गुरुवारी मी हे सगळं सांगणार आहे. चूक माझी, प्रश्न टाकळीकर मॅडमचा, असं नाव घेऊन. अकरा दिवसांचं बोलणार नाही."

वृषालीबाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो हेवाच. हिला हेही जमतं, त्यांच्या मनात आलं. रागवायच्या जागी क्षमा करणं, आणि तेही कॅमेरा नसताना.

"दिवसही सांग," त्या म्हणाल्या.

"ते मी नाही सांगणार. सांगायचे तर तुम्ही येऊन सांगा."

एकवीस तारखेला स्टुडिओत दोन खुर्च्या होत्या. सारंग आनंदानं फुलला होता. "गुरु-शिष्या एकत्र, मॅडम. लोक रडतील बघा." पांढरे केस त्यानं तरीही आणून ठेवले होते.

त्रिशलानं तिच्या वाट्याचं सांगितलं. उपवास शब्दाचा तिच्या घरचा अर्थ, यंत्राला दिलेली शिकवण, चुकलेला सल्ला. मग वृषालीबाई बोलल्या. कागद आणला नव्हता. "त्या बाईच्या जिवाला धोका आहे हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी अकरा दिवस गप्प बसले. ही खुर्ची माझी होती, म्हणून. मला माहीत असलेली गोष्ट हिला मिळू नये, म्हणून. यंत्राकडून चूक झाली. मी जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत." काचेपलीकडे सारंग दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता.

फोनच्या दिव्यांची रांग काही क्षण काळी राहिली. वृषालीबाईंना वाटलं, आता ती काळीच राहील. मग एक दिवा लागला. इचलकरंजीहून एक बाई होत्या.

"नमस्कार. ते अकरा दिवसांचं ऐकलं. वाईट वाटलं बाई. तुमच्याकडनं असं नव्हतं वाटलं. बरं, आमच्या ह्यांना एकादशीला वरी खाल्ली की अंगाला खाज सुटते. एरवी काही नाही. तर वरी बंद करू, का एकादशी?"

उत्तर वृषालीबाईंच्या जिभेवर तयार होतं. एकवीस वर्षं प्रश्न संपायच्या आत ते बाहेर पडायचं. कॅमेराही सवयीनं त्यांच्याकडेच वळला. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"याचं उत्तर डॉक्टर शेडबाळे देतील," त्या म्हणाल्या.

त्रिशलानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. 'देईल' नव्हे, 'देतील'. मग ती कॅमेऱ्याकडे वळली आणि बोलू लागली. वृषालीबाई शब्द न् शब्द ऐकत होत्या. पोटात नेहमीच्या जागी दुखलंच. उत्तर बरोबर होतं.